रियाधला गेलेला कार्डिनल

१३ मार्च २०१३ रोजी व्हॅटिकनच्या सज्जातून नव्या पोपचं नाव जगाला सांगणारे वृद्ध गृहस्थ म्हणजे कार्डिनल जाँ-लुई तोराँ. मुसलमानांनी त्यांची ओळख करून घ्यायला हवी, असं मला वाटतं.

१९४३ साली फ्रान्समधल्या बोर्दोत जन्मलेले तोराँ १९७५ मध्ये चर्चच्या राजनैतिक सेवेत आले. यादवी युद्धानं होरपळणाऱ्या लेबनॉनमध्ये त्यांनी काम केलं. १९९० ते २००३ ते व्हॅटिकनचे परराष्ट्रमंत्रीच होते म्हणा ना! अमेरिका इराकवर चालून निघाली तेव्हा, संयुक्त राष्ट्रांना डावलून केलेलं युद्ध हे आक्रमणच, असं त्यांनी स्पष्ट बजावलं.

२००६ मध्ये पोप बेनेडिक्ट यांच्या रेगेन्सबर्गच्या भाषणानं मुस्लिम जगत दुखावलं. पुढच्या वर्षी आंतरधर्मीय संवादाची जबाबदारी तोराँकडे आली. त्याच सुमारास १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना खुलं पत्र पाठवलं. अल्लाहवरचं प्रेम आणि शेजाऱ्यावरचं प्रेम हा दोन्ही धर्मांचा समान पाया आहे, असा त्याचा आशय. त्यातून २००८ मध्ये रोमला कॅथलिक-मुस्लिम मंच भरला.

तोराँ गोडगोड बोलणारे नव्हते. कुरआनवर मुसलमान खोलात चर्चा करू देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. ती आपल्याला टोचते. पण शांतपणे ऐकायला काय हरकत आहे? २०१४ मध्ये त्यांच्या परिषदेनं ‘इसिस’च्या अत्याचारांचा निःसंदिग्ध निषेध करा, असं मुस्लिम धर्मनेत्यांना सांगितलं. त्याच परिषदेनं २०१० मध्ये फ्लोरिडात कुरआन जाळण्याच्या घोषणेचाही तितकाच कडक निषेध केला होता. दोघांना एकच माप!

एप्रिल २०१८. पार्किन्सननं शरीर खिळखिळं झालेलं, वय ७५. तरी तोराँ रियाधला गेले, राजे सलमान यांना भेटले. धर्म समोर ठेवता येतो, लादता येत नाही, असं त्यांनी तिथं सांगितलं. गोवा-केरळातून पोटासाठी गेलेल्या ख्रिश्चनांना ज्या देशात एकही चर्च नाही, त्या भूमीवर हे बोलणं सोपं नव्हतं. तीन महिन्यांच्या आत, ५ जुलैला, त्यांचं निधन झालं.

अल्पसंख्य म्हणून आपण भारतात समान नागरिकत्व मागतो. तो आपला हक्कच आहे. पण हीच मागणी मुस्लिमबहुल देशांतल्या ख्रिश्चनांसाठी आपण किती मोठ्यानं करतो? तोराँ यांचं आयुष्य मला हाच प्रश्न विचारतं. त्याचं उत्तर आपण द्यायला हवं.