रोमची यात्रा आणि तेरची पांढरी

अलीकडे परदेशगमन ही अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त युरोपांत असते, आईबापांस बोलावणें येतें, आणि परभणी-जिंतूरकडचीं वडीलधारीं माणसेंही रोमचे प्राचीन अवशेष पाहून येतात. ही यात्रा बहुधा अर्ध्या दिवसाची असते. वाटाड्या छत्री उंचावून पुढें चालतो, आणि इ. स. ८० मध्यें लोकांस खुली झालेली कलोसियमची रंगभूमि, फोरमचा चौक व तेथील भग्न स्तंभ दाखवीत हजार वर्षांचा इतिहास दोन तासांत सांगून मोकळा होतो. परत आल्यावर ही मंडळी जें बोलतात त्यांत कौतुक असतें, तशी थोडी खंतही असते. “त्यांनीं आपलें जुनें किती जपलें आहे! आपल्या मराठवाड्यांत वेरूळ-अजिंठ्याखेरीज पाहण्यासारखें आहे काय?” प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यांत दोन समजुती दडलेल्या आहेत. रोमच्या लोकांनीं आपलें वैभव पहिल्यापासून जपलें ही एक, आणि त्या वैभवाशीं आपल्या प्रदेशाचा कांहीं संबंध नाहीं ही दुसरी. दोन्ही तपासून पाहण्याजोग्या आहेत.

दुसरी समजूत प्रथम घेऊं. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत पाँपेई हें नगर राखेखालीं गाडलें गेलें. १९३८ सालीं तेथील एका घराच्या अवशेषांत हस्तिदंताची वीतभर उंचीची एक स्त्रीमूर्ति सांपडली. गळ्यांत भरगच्च हार, हातांपायांत कडीं-तोडे, दोन्ही बाजूंस प्रसाधनाचीं पात्रें घेतलेल्या दोन लहानग्या दासी. अशी ती मूर्ति भारतीय आहे हें ओळखावयास पंडितांस वेळ लागला नाहीं. आरंभीं तिला लक्ष्मी म्हणत. पुढें ती यक्षी असावी असें मत पडलें. ती आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. तिच्या तळाशीं खरोष्ठी लिपींतील अक्षर असल्यामुळें ती भारताच्या वायव्येकडून गेली असावी असें कांहींजण मानतात. परंतु तिच्याशीं निकटचें साम्य असलेलीं हस्तिदंती शिल्पें मराठवाड्यांत दोन ठिकाणीं मिळालीं आहेत: एक जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें आणि दुसरें धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें. मूर्ति कोठेंही घडलेली असो, ती ज्या कारागिरीच्या कुळांतली आहे त्या कुळाचीं दोन घरें गोदावरीच्या खोऱ्यांत होतीं, एवढें यावरून निश्चित होतें. भोकरदनची केळना नदी पूर्णेस मिळते, आणि तीच पूर्णा पुढें जिंतूर तालुक्यांतून वाहते. म्हणजे पाँपेईच्या त्या घरांत जी वस्तु होती तिचें गोत आपल्या उशाशींच आहे.

या संबंधाचा लेखी पुरावाही आहे. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास ईजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्यानें हिंदी महासागरांतील प्रवासाची एक माहितीपुस्तिका लिहिली. तिचें नांव ‘पेरिप्लस’. कर्त्याचें नांव अज्ञात आहे. दक्षिणापथाचा उल्लेख करून तो म्हणतो कीं, या देशांत दोन बाजारपेठा विशेष महत्त्वाच्या आहेत. बारिगाझाहून, म्हणजे आपल्या भडोचहून, दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें नगर. पैठणहून अकीकाचे दगड आणि तगरहून जाडेंभरडें कापड व नाना प्रकारची मलमल, हा माल गाड्यांत भरून, जेथें धड रस्ता नाहीं अशा मुलखांतून भडोचला जात असे. पुढच्या शतकांतील टॉलेमी या भूगोलवेत्त्यासही तगर माहीत होतें. कोंकण व कोल्हापूर येथील शिलाहार राजे तर आपणांस मोठ्या अभिमानानें ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत.

मात्र हें तगर कोठलें, याविषयीं एकोणिसाव्या शतकांत पंडितांचा मोठा वाद झाला. कोणी देवगिरि म्हटलें, कोणी जुन्नर, कोणी कोल्हापूर, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा कल धारूरकडे होता. अखेर १९०१ सालीं फ्लीट यांनीं तगर म्हणजे तेर असा निर्णय मांडला आणि तो आज सर्वमान्य आहे. नकाशा घेऊन बसल्यास या निर्णयाची सयुक्तिकता कोणाच्याही ध्यानांत येईल. सरळ रेषेनें भडोच ते पैठण हें अंतर सुमारें ३५० किलोमीटर आहे आणि पैठण ते तेर सुमारें १५०. वीस दिवस आणि दहा दिवस हें प्रमाण बैलगाडीच्या चालीस बरोबर जुळतें. तेर पैठणच्या नेमकें पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. परंतु ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्यास एवढी सूट देण्यास हरकत नसावी.

आतां या तेरची यात्रा करूं. गांव धाराशिवच्या ईशान्येस, तेरणा नदीच्या कांठीं आहे. रोमची संवय झालेल्या डोळ्यांस येथें प्रथम निराशाच वाटेल; कारण येथें संगमरवरी स्तंभ नाहींत आणि विजयाच्या कमानीही नाहींत. तेर हें विटांचें आणि मातीचें नगर होतें. म्हणून पहिला मुक्काम त्रिविक्रमाच्या देवळापाशीं करावा. देऊळ विटांचें आहे. त्याचा मागील भाग अर्धवर्तुळाकार असून छप्पर गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखें गोलावलेलें आहे. कार्ले किंवा अजिंठा येथील चैत्यगृहें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस हा आकार तत्काळ ओळखूं येईल. तेथें जो आकार डोंगराच्या पोटांत कोरलेला आहे तोच येथें उघड्या जमिनीवर विटांनीं उभारलेला आहे. फ्लीटनंतर तेरची पाहणी करणाऱ्या हेन्री कझिन्स यांनीं हें मूळचें बौद्ध चैत्यगृह असून पुढें त्यांत विष्णूची स्थापना झाली असें प्रतिपादन केलें. अशा बांधीव वास्तु भारतांत फारच थोड्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांतही ही पडीक नाहीं. येथें आजही पूजा होते, हें विशेष. दुसरें उत्तरेश्वराचें देऊळ. तेंही विटांचेंच, परंतु त्याच्या विटांवरील नक्षी आणि त्याची लांकडी कोरीव चौकट पाहिली म्हणजे, दगड दूर आणि माती जवळ असतां कारागीर काय करूं शकतो, हें समजतें.

तेथून संग्रहालयांत जावें. यात्रेचा खरा गाभा येथें आहे. वर सांगितलेली हस्तिदंती मूर्ति येथेंच आहे. तिच्या शेजारीं पांढऱ्या मऊ मातीच्या लहान लहान प्रतिमा आहेत. त्यांचे चेहरे रेखीव आणि केशरचना मोठ्या हौसेच्या. या प्रतिमा आंतून पोकळ असतात. पुढचा व मागचा असे दोन सांचे घेऊन, दोन्हींत मातीचा पातळ थर दाबून, मग ते दोन भाग जोडीत. ही दुहेरी सांच्याची रीत रोमन जगांतून आली असें अभ्यासक मानतात. रोमन नाण्यांच्या धर्तीवर उठवलेल्या मातीच्या मुद्राही मिळाल्या आहेत. वरच्या बाजूस दोरा ओंवण्यास वेढें असलेल्या या मुद्रा लोक गळ्यांत घालीत.

येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. मातीची मुद्रा गळ्यांत घालणारी तेरची ती बाई रोमन नव्हती. तिनें रोम पाहिलेंही नव्हतें. सोन्याचें नाणें तिला परवडणारें नसावें, म्हणून गांवच्या कुंभारानें तिला मातीचें करून दिलें. म्हणजे तेरला रोमन वस्तींचे अवशेष आहेत असें म्हणणें चुकीचें ठरेल. येथें जें आहे तें याहून मनोरंजक आहे: दूरच्या देशाची चीज पाहून, ती आपल्या मातींत, आपल्या हातानें पुन्हां घडविणाऱ्या कारागिरांचे हे अवशेष आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरींत मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ति ही आयात वस्तु. तेरच्या मुद्रा आणि प्रतिमा ही आत्मसात केलेली कला. त्या काळीं भारताशीं होणाऱ्या व्यापारांत रोमचें धन दरसाल पांच कोटि सेस्टर्स इतकें बाहेर जातें अशी तक्रार प्लिनीनें लिहून ठेवली आहे. त्या धनाच्या बदल्यांत गेलेल्या मालांत तगरच्या विणकरांची मलमलही होती. ती मलमल आतां कोठेंच उरलेली नाहीं. उरली ती कुंभाराची माती.

योगायोग असा कीं, याच गांवीं हजार-बाराशें वर्षांनंतर गोरोबाकाका झाले. तेरणेच्या कांठीं त्यांची समाधि आहे. सर्व संतांच्या डोक्यांवर थापटणें मारून कोणतें मडकें पक्कें व कोणतें कच्चें हें त्यांनीं पारखलें, आणि नामदेवांस कच्चें ठरविलें, ही कथा महाराष्ट्रांत कोणास माहीत नाहीं? नामदेवांची नरसी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांतच होती आणि जनाबाईंचें गंगाखेड आजही आहे. तेव्हां आमच्याकडील वारकऱ्यांस तेर परकें नाहीं. परंतु समाधीचें दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकीं किती जण संग्रहालयाची पायरी चढतात? गोरोबांच्या चाकाच्या मागें हजार वर्षें फिरत असलेलें चाक तेथें दिसतें.

आतां पहिली समजूत. रोमच्या लोकांनीं आपलें वैभव जपलें काय? इतिहास याच्या उलट सांगतो. ज्या फोरममध्यें आज तिकीट काढून जावें लागतें त्याचें नांव कित्येक शतकें ‘गाईंचें कुरण’ असें होतें. स्तंभ अर्धेमुर्धे मातींत बुडालेले आणि त्यांच्याभोंवतीं गुरें चरत असत. कलोसियमचे दगड उपसून नवे वाडे आणि देवळें बांधलीं. संगमरवरी मूर्ति भट्टींत भाजून त्यांचा चुना केला, आणि तो पाहून व्यथित झालेल्या राफाएल या चित्रकारानें १५१९ च्या सुमारास पोप दहावा लिओ यांस उद्देशून पत्र लिहिलें. शास्त्रशुद्ध उत्खनन व्हावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. म्हणजे जपण्याची बुद्धि त्यांस उपजत नव्हती. गमावतां गमावतां ती आली.

आपल्याकडील चुन्याची भट्टी म्हणजे माळवद. मराठवाड्यांतील जुनीं घरें धाब्याचीं. त्यांच्या छतावर दर कांहीं वर्षांनीं पांढरी माती घालावी लागे. ही माती कोठून आणावयाची? तर गांवाजवळच्या पांढरीच्या टेकाडांतून. पांढरी म्हणजे पूर्वजांची वसाहत. शतकानुशतकें राख, शेण, पडलेल्या भिंती आणि फुटलेलीं खापरें यांनीं ती माती पांढुरकी झालेली असते. घर गळूं नये म्हणून माणसें आपल्याच पणज्यांचीं घरें टोपलींत भरून नेत होतीं, आणि त्यांत कोणाचा कांहीं दुष्ट हेतु नव्हता. खापर, मणी, नाणें हातीं लागलें तर पोरांस खेळावयास मिळे. अशा रीतीनें किती गांवांचे इतिहास छतावर चढले आणि पावसाबरोबर वाहून गेले, याची गणती नाहीं.

तेरचा इतिहास वाचला त्याचें श्रेय प्रथम एका गांवकऱ्यास आहे. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. शेतांत आणि टेकाडांवर सांपडणाऱ्या वस्तु त्यांनीं आयुष्यभर जमविल्या, आणि आज हजारों वस्तूंचें जें शासकीय संग्रहालय तेथें उभें आहे तें त्यांच्या संग्रहावर उभें असून त्यास त्यांचेंच नांव आहे. १९५८ सालीं चापेकर यांनीं येथें उत्खनन केलें आणि पुढेंही उत्खननें झालीं. तज्ज्ञांनीं थर मोजले, काळ ठरविले, सातवाहनांच्या काळाशीं धागा जोडला. परंतु तज्ज्ञ गांवांत एखादा हंगाम राहतो. पावसाळा मात्र दरसाल येतो. पहिल्या सरीनंतर टेकाडावर उघडा पडलेला मणी उचलावयास जो माणूस तेथें असतो तोच त्या मण्याचा पहिला इतिहासकार होय.

परभणी जिल्ह्याचा विचार या दृष्टीनें करावा असें सुचवावेसें वाटतें. जिंतूर तालुक्यांत चारठाणा आहे; यादवकालीन देवळें, कोरीव उंच स्तंभ आणि दगडी बारव असा ठेवा त्या एका गांवांत आहे. गंगाखेड तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं धारासुरचें गुप्तेश्वर मंदिर आहे. हीं स्थळें तेरहून हजार वर्षांनीं अर्वाचीन. त्यांचा रोमशीं संबंध नाहीं आणि तो ओढूनताणून जोडण्याचें कारणही नाहीं. कलोसियमशीं तुलना केल्यानें चारठाण्याचें मोल वाढत नाहीं, न केल्यानें घटत नाहीं. पण गोदावरी-पूर्णेच्या कांठच्या प्रत्येक जुन्या गांवास एक पांढरी आहे, आणि सिमेंटचीं छतें आल्यापासून माळवदासाठीं ती खणण्याची गरज उरलेली नाहीं. जुना धोका गेला. परंतु तीच जमीन सपाट करून प्लॉट पाडण्याचा नवा धोका आला, आणि यंत्राच्या एका दिवसाच्या कामास टोपल्यांच्या शंभर वर्षांचें काम पुरें पडणार नाहीं.

म्हणून रोमची यात्रा ज्यांस घडेल त्यांनीं ती अवश्य करावी. परंतु तेथें वाटाड्याला एक प्रश्न विचारावा: हे स्तंभ मातींतून वर कोणीं काढले, आणि केव्हां? त्याचें उत्तर ऐकून परत आल्यावर एका सुटींत मुलांस घेऊन तेरला जावें, आणि दुसऱ्या सुटींत चारठाण्यास. मुलांनीं खापराचा तुकडा उचलला तर तो फेंकून द्यावयास सांगूं नये, आणि खिशांत घालून घरीं आणूंही देऊं नये. तो कोठें, कोणत्या शेतांत, किती खोल दिसला हें वहींत टिपून ठेवावयास सांगावें आणि संग्रहालयास कळवावें. इतिहासाचें पहिलें पान अशाच वहींत लिहिलें जातें.