पादचाऱ्यांचा अग्रहक्क

चौकात किंवा नेमून दिलेल्या पट्ट्यावर रस्ता ओलांडणाऱ्यास वाहनाने आधी वाट देण्याचा नियम. या हक्काची घडण ग्रेट ब्रिटनमध्ये सलगपणे पाहता येते. तेथील १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांस शहरात ताशी केवळ ३.२ किमी. वेगाची मुभा दिली होती व पुढे लाल निशाणधारी माणूस चालविण्याची सक्ती केली होती. साहजिकच पायी जाणारा वाहनापेक्षा वेगवान ठरे. चौकांत खरा धोका घोडागाड्यांचा होता. म्हणून डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला संसद भवनाजवळ जॉन पीक नाइट या रेल्वे अभियंत्याच्या योजनेनुसार हातांचा व गॅसदिव्यांचा सिग्नल उभारण्यात आला. महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन तो चालविणारा पोलीस जखमी झाला व तो प्रयोग बारगळला.

१८९६ मध्ये पूर्वीची बंधने उठली. १९३० च्या कायद्याने तर मोटारगाड्यांवरील वेगमर्यादाच काढून टाकली. १९३४ मध्ये सात हजारांहून अधिक लोक रस्त्यांवर मृत्युमुखी पडले व त्यांत सुमारे निम्मे पादचारी होते. वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी त्याच वर्षी पिवळ्या गोलकांच्या खांबांनी दर्शविलेले ओलांडमार्ग सुरू केले. १९३५ पासून वस्तीत ताशी ४८ किमी. ही मर्यादा आली. तथापि रस्त्यात बसविलेल्या धातूच्या खुंट्या चालकास दुरून दिसत नसत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी ही उणीव भरून काढली. ऑक्टोबर १९५१ मध्ये स्लाउ येथे पहिला ‘झेब्रा’ पट्टा आखला गेला.

येथेही एक विसंगती राहिली. पट्ट्यावर पाऊल ठेवल्यावरच हक्क प्राप्त होई. कडेला थांबलेल्यास तो नव्हता. म्हणजे हक्क मिळविण्यासाठी आधी धोका पत्करणे भाग होते. वळणाऱ्या चालकाचे लक्ष समोरील वाहनांतील फटीकडे असते, ही गोष्ट ध्यानात घेता वृद्ध व मुले यांच्या दृष्टीने ही अट कठोरच म्हटली पाहिजे. वेगाचा प्रश्न तर मूलभूत आहे : ब्रिटिश वाहतूक संहितेनुसार ताशी ३२ किमी. वेगाने जाणारी मोटार थांबण्यास १२ मी., तर ४८ किमी. वेगाने जाणारीस २३ मी. अंतर लागते. जानेवारी २०२२ मध्ये या संहितेने चौकात थांबलेल्या पादचाऱ्यासही वाट द्यावी असे सांगितले. मात्र ही अपेक्षा आहे, सक्ती नव्हे.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालील १९८९ च्या नियमांची जागा २०१७ च्या विनियमांनी घेतली. त्यांनुसार सिग्नल नसलेल्या ओलांडपट्ट्याशी वेग कमी करून, थांबून पादचाऱ्यास वाट देणे चालकाचे कर्तव्य आहे.