ऑफसेटचा कागद आणि नागपूरचा हँगर

परदेशी विमान विकत घेताना विक्रेत्याने खरेदीदाराच्या देशात ठरावीक काम द्यावे किंवा गुंतवणूक करावी, अशी अट घालता येते. तिलाच ऑफसेट म्हणतात. भारतात या अटीतून नागरी विमान उद्योगाच्या पदरात काय पडले, हे शोधायला गोव्याहून निघालेल्या अभ्यासकालाही आधी नागपूर गाठावे लागते.

पहिला आधार महालेखापरीक्षकांचा, 2011-12 चा अहवाल क्रमांक 18. एअर इंडियाने 68 बोइंग आणि इंडियन एअरलाइन्सने 43 एअरबस, अशा 111 विमानांच्या खरेदीची छाननी त्यात आहे. एअर इंडियाचा जानेवारी 2004 चा प्रस्ताव 28 विमानांचा होता. 2005 संपता संपता आकडा 68 वर गेला. एवढ्या मोठ्या मागणीपुढे विक्रेत्याकडून अटी मान्य करून घेण्याची ताकद खरेदीदाराकडे असते. ती किती वापरली गेली?

बोइंगच्या बाबतीत उत्तर जमिनीवर दिसते. सुमारे 10 कोटी डॉलरच्या देखभाल-दुरुस्ती केंद्राचे वचन होते. नागपूरच्या मिहान प्रकल्पात 50 एकरांवर ते उभे राहिले आणि एअर इंडियाच्या हाती आले 2015 साली. करार आणि कुलूप उघडणे यांत जवळपास दहा वर्षे गेली. मधल्या काळातल्या घोषणा म्हणूनच मी पुरावा मानत नाही, हँगर मानतो.

एअरबसच्या बाबतीत मात्र कागदातच खिंडार आहे. केंद्रीय तपास यंत्रणांनी मांडलेल्या आरोपानुसार, मंत्रिमंडळ समितीपुढच्या प्रस्तावात 17.5 कोटी डॉलरची प्रशिक्षण आणि दुरुस्ती केंद्रे उभारण्याची अट होती. खरेदीचा आदेश निघाला तेव्हा ती गळलेली होती. हा आरोप आहे, न्यायालयाचा निष्कर्ष नव्हे. पण तो खरा धरला, तर अट नाहीशी झाली ती प्रस्ताव आणि आदेश यांच्या मधल्या टप्प्यात. अभ्यासकाने रेंगाळावे ते तिथेच.

दुरुस्तीचा हँगर म्हणजे उद्योग नव्हे, ही शंका रास्त आहे. म्हणून त्याच मिहानमधल्या टाटांच्या टाल कंपनीचा कारखाना मला अधिक वजनदार साक्षीदार वाटतो. तिथे बोइंग 787 च्या तळाच्या संमिश्र तुळया बनल्या. या कामामागे एअर इंडियाने मागवलेल्या 27 ड्रीमलायनरचे वजन असावे, हा माझा तर्क. तुळया नागपुरात बनल्या, हे निश्चित.

लष्करी खरेदीतूनही हीच वाट निघाली. संरक्षण खरेदीतली ऑफसेटची अट 2005 ची. 2011 पासून तिच्या पूर्ततेत नागरी विमानक्षेत्रही धरले गेले. 36 राफेलांचा करार 23 सप्टेंबर 2016 चा, त्यात ऑफसेट 50 टक्के. 27 ऑक्टोबर 2017 रोजी राफेल बनवणारी दासो आणि रिलायन्स यांच्या कारखान्याची मिहानमध्ये पायाभरणी झाली आणि 2019 मध्ये तिथून फाल्कन 2000 या नागरी जेटचा पुढचा भाग बाहेर पडला. लढाऊ विमानाच्या मोबदल्यात नागरी जेटचे काम आले, ही कडी कागदांतून इतकी स्वच्छ जुळते की आनंद लपवणे कठीण जाते. मात्र एकूण संरक्षण ऑफसेटवरचा 2020 चा लेखापरीक्षण अहवाल शेजारी ठेवायलाच हवा: डिसेंबर 2018 पर्यंत 19,223 कोटी रुपयांचे ऑफसेट पूर्ण व्हायचे होते, विक्रेत्यांचा दावा 11,396 कोटींचा होता आणि त्यातलेही 48 टक्केच मान्य झाले होते.

आता गोव्याकडे परतू. तिथे डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीत, होंड्याला, हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि फ्रान्सच्या साफ्रानचे हेलिकॉप्टर-इंजिन दुरुस्ती केंद्र आहे. ही निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे. ध्रुव हेलिकॉप्टरमधले शक्ती इंजिन आधीपासूनच भारतात उडत होते, म्हणजे ग्राहक घरचाच. इथे निर्णायक ठरले ते अटीपेक्षा हे हाताशी असलेले काम, असे मला वाटते. पेडण्यातल्या मोपा विमानतळावर 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी विमाने उतरू लागली आहेत. तिथे दुरुस्तीचा हँगर मागायचा, तर हेच दोन पुरावे आधी तपासावे लागतील: करारात शिल्लक राहिलेले कलम आणि दारात उभी राहणारी विमाने.