अंगणांतील शाळा

भिवंडीच्या मागावर ताणा नीट लागल्यावांचून बाणा भरतां येत नाहीं. बालशिक्षणांतही अक्षरापूर्वीं हात, डोळा व कान यांची तयारी लागते. त्या वेळीं भिवंडीच्याच ठाणें जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं हें कार्य आरंभिलें. माँटेसोरीबाईंचीं साधनें महाग. म्हणून शिंपले, खडे, बिया व पानें यांवरच मुलें मोजणें व निवडणें शिकलीं. गरिबांचीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या वस्तींतील अंगणांत गेली, तीच अंगणवाडी. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत गेलें. चिमुकल्या हातांत घाईनें पाटी देणाऱ्या सुशिक्षित घरांनीं हें ध्यानीं घ्यावें: अक्षर थोडें उशिरा आलें तरी चालेल, गोडी मात्र आधीं यावी.