ब्रेंडा मिलनर यांचं नाव कुठल्या अक्षराखाली शोधाल?

दर सहा महिन्यांनी आम्हा पीएचडीवाल्यांना प्रगती अहवाल भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो : पेपर किती, सायटेशन किती. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात तुमच्या पेपरचा दिलेला संदर्भ. यंदा मी तिथे 3 लिहिलं, त्यातलं एक माझं मीच दिलेलं! तर या आकड्यात नेमकं काय मोजलं जातं, हे बघायला माझ्याच विषयातला एक जुना पेपर घेऊ.

साल 1953. अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये विल्यम स्कोविल या सर्जननं फिट्सनी बेजार झालेल्या एका तरुणाचं ऑपरेशन केलं. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग, हिप्पोकॅम्पसच्या बऱ्याच भागासकट, काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहीना. स्कोविलनं 1954 मध्येच एका छोट्या पेपरात याची नोंद केली होती. ती फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही.

तिकडे मॉन्ट्रियलमध्ये ब्रेंडा मिलनर आणि सर्जन पेनफिल्ड यांच्याकडेही असेच दोन रुग्ण होते. त्यांचं काम स्कोविलच्या वाचनात आलं, फोन झाला आणि मिलनर बाई हार्टफर्डला आल्या. एप्रिल 1955 मध्ये त्यांनी या तरुणाला तपासलं. बुद्ध्यांक 112, म्हणजे चांगलाच. पण तारीख विचारली तर तो 1953 चा मार्च सांगायचा आणि स्वतःचं वय 27. त्या दोघांचा 1957 चा पेपर आज हजारोंनी उद्धृत होतो. लेखकांची नावं : स्कोविल, मग मिलनर. रुग्ण फक्त 'एच.एम.'.

आता गंमत बघा. युजीन गारफिल्ड यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' 1964 मध्ये आली. जाडजूड छापील खंड. त्यात उद्धृत झालेला पेपर फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली सापडायचा. म्हणजे ज्या चाचण्यांवर तो पेपर उभा आहे, त्या करणाऱ्या बाईंचं नाव 'एम'खाली शोधलंत, तर हा पेपर तिथे नाहीच. 'एस'खाली, स्कोविलच्या नावावर. यात कुणाचा कट नव्हता, छपाईची जागा वाचवायची होती. पण मोजणाऱ्यानं तेच खंड उघडून मोजलं, तर काय हाती लागणार?

आणि मला विचाराल तर, मिलनर यांचं सगळ्यात भारी काम त्या पेपरात नाहीच. दुहेरी रेघांची एक चांदणी कागदावर काढलेली. दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात आरशातच बघायचा. करून बघा घरी, पेन्सिल भलतीकडेच जाते. एच.एम.नं हे 3 दिवसांत 30 वेळा केलं. तिसऱ्या दिवशी चुका जवळजवळ संपल्या. आणि हे आपण आधी केलंय, याचा मात्र त्याला पत्ताच नाही! हाताला आठवत होतं, माणसाला नाही. स्मृती ही एकच एक वस्तू नाही, हे इतक्या स्वच्छपणे त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं.

हे छापलं कुठे? 1962 मध्ये, पॅरिसहून निघालेल्या एका परिषदेच्या ग्रंथात, फ्रेंचमध्ये. तो प्रयोग आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पण पुष्कळ जण तो सांगताना सवयीनं 1957 च्या पेपरचाच संदर्भ चिकटवतात. मीसुद्धा माझ्या पहिल्या सेमिनारला तेच केलं होतं. 57 चा पेपर उघडून वाचला तेव्हा कळलं, त्यात आरसाही नाही आणि चांदणीही नाही.

एच-इंडेक्स आला 2005 मध्ये, हर्श या भौतिकशास्त्रज्ञाकडून. तोवर मिलनर 87 च्या होत्या. कावली पुरस्कार त्यांना 2014 मध्ये मिळाला.

आणि एच.एम.? पन्नासेक वर्षं तो शास्त्रज्ञांसमोर बसला, दर वेळी नव्यानं ओळख करून घेत. डिसेंबर 2008 मध्ये तो वारला, तेव्हा जगाला त्याचं पूर्ण नाव समजलं : हेन्री मोलेसन.

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आता तो 1962 चा संदर्भ घातलाय, फ्रेंच शीर्षकासकट.