लग्नानंतर ब्रिटन: पती-पत्नी व्हिसाचे कागद आणि तारखांचा हिशेब

लग्न ठरलं की हॉल आधी बुक होतो, कागदांची आठवण अक्षता पडल्यावर येते. ब्रिटनच्या पती-पत्नी व्हिसात हे महागात पडतं, कारण इथे कागदाइतकीच त्यावरची तारीख बघितली जाते.

हा व्हिसा जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला तिथे कायम राहण्याची परवानगी असेल, तर मिळतो. नवरा वर्क व्हिसावर असेल तर बायको ‘डिपेंडंट’ म्हणून अर्ज करते. त्याचे नियम वेगळे. या दोन्हींची गल्लत सर्रास होते.

सगळ्यात जड बाजू उत्पन्नाची. ११ एप्रिल २०२४ पासून ही अट वर्षाला किमान २९,००० पौंडांची आहे. नोकरीला एकाच ठिकाणी सहा महिने झाले असतील तर सहा महिन्यांच्या पगारपावत्या, त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र लागतं. पावतीवरची निव्वळ रक्कम बँकेत जमा झालेली दिसली पाहिजे. शेवटची पावती अर्जाच्या आधीच्या २८ दिवसांतली हवी. लग्नाच्या तोंडावर नोकरी बदलली असेल तर मागच्या बारा महिन्यांची कमाई मोजतात. घाई नसेल तर सहा महिने भरू द्यावेत. इकडे नोकरी करणाऱ्या मुलीचा इथला पगार यात धरत नाहीत. सासऱ्यांच्या शेताचा उताराही चालत नाही. फक्त बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात असावे लागतात.

लग्नाचा दाखला नोंदणी कार्यालयाचाच हवा. मंदिराची किंवा हॉलची पावती पुरत नाही. गोव्यात सिव्हिल नोंदणी मुळातच सक्तीची, त्यामुळे तिथे हा प्रश्न कमी येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा दाखला कन्नडमध्ये असेल, किंवा कोल्हापूरचा मराठीत, तर इंग्रजी भाषांतर जोडावं. त्यावर ‘हे अचूक भाषांतर आहे’ असं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. नावाचा घोळ आपल्याकडे नेहमीचा: आधारवर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं. पासपोर्ट बदलायलाच हवा असं नाही, पण इंग्रजीची परीक्षा आणि टीबी तपासणी पासपोर्टवरच्याच नावाने द्यावी.

परीक्षा ए-१ पातळीची, बोलणं आणि ऐकणं एवढीच. ती मान्यताप्राप्त केंद्रातच द्यावी लागते. टीबीचं प्रमाणपत्र ब्रिटन सरकारने मान्य केलेल्या क्लिनिकचंच लागतं, गावातल्या डॉक्टरांचं नव्हे, आणि ते सहा महिनेच चालतं. म्हणून ही तपासणी सगळ्यात शेवटी करावी. अपवाद गरोदर बाईंचा: एक्स-रे नको असेल तर थुंकीची तपासणी होते, तिच्या निकालाला दोनेक महिने लागू शकतात. त्यांनी आधीच सुरुवात करावी.

ठरवून झालेल्या लग्नात भेटीगाठी कमी असतात, त्याचं दडपण नको. पण दोघं प्रत्यक्ष भेटलेले असणं बंधनकारक आहे. प्रवासाची तिकिटं, दोन्ही घरच्या मंडळींसोबतचे मोजके फोटो आणि थोडे कॉल रेकॉर्ड पुरेसे. अख्खा अल्बम पाठवू नये.

फी भरली तो दिवस अर्जाचा दिवस. पावत्यांचे २८ दिवस तिथून मागे मोजायचे. निर्णयाला साधारण १२ आठवडे धरावेत, तोवर विमानाचं तिकीट काढू नये. व्हिसा ३३ महिन्यांचा मिळतो. त्याबरोबर भरायचा आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड होतो. अर्ज नाकारला तर अधिभार परत मिळतो, अर्जाची फी मात्र नाही.