साखळीचं दुसरं टोक

साखळीचं एक टोक तुमच्या हातात आहे. लोखंडी, तेहतीस फुटांची, सोळा आण्यांच्या खुणा पाडलेली. दुसरं टोक घेऊन पुढं गेलेला गडी ओरडतो, "ताणा!" तुम्ही ताणता. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा. असे चाळीस झाले की एकर. तुम्हाला हे शाळेपासून पाठ आहे, पण भोवती जमलेल्यांना अजून बिघ्यांत बोलायची सवय आहे. साल १८४० च्या आगेमागे. गाव पेठ, खेडचा घाट चढून आल्यावर आणि अवसरीचा घाट उतरायच्या आधी. कंपनी सरकारची मोजणी सातगाव पठारावर पोचली आहे.

सगळ्यांच्या पुढं गावचा महार चालतो आहे. शिवेच्या भांडणात त्याचा शब्द शेवटचा मानतात. ज्याला या जमिनीतला मोठा वाटा कधी मिळाला नाही, त्याच्याच पायाखालून तिची हद्द ठरते. पाटील गप्प आहेत. कुलकर्णी लिहून घेतायत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं की आपलं दप्तर आता एकट्याचं राहणार नाही हे त्यांनी ओळखलंय.

तुमच्या वावरात पहार मारली जाते. माती किती खोल? पावणेदोन हात भरली तर पहिली प्रत. इथं पठारावर हातभरातच पहार खणकन मुरमावर वाजते. मग दोष बघायचे: चुनखडी आहे का, रेती आहे का, पाणी साचतं का, उतार आहे का. प्रत्येक दोषाची कागदावर वेगळी खूण आणि दर खुणेमागं प्रत एक पायरी खाली. तुमच्या वावराला उताराची खूण पडते. सारा कमी बसणार म्हणून तुम्ही खूश होता. त्या उतारावरून दर पावसाळ्यात काय वाहून जातं, ते विचारायला मात्र मोजणीच्या कागदात रकानाच नाही.

तरी ही मोजणी आधीच्यापेक्षा बरी, हे कबूल करायला हवं. दहाएक वर्षांपूर्वी प्रिंगल नावाच्या साहेबानं याच पुणे जिल्ह्यात शेताशेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा घाट घातला होता. हिशेब कागदावर देखणा होता. शेतात उतरल्यावर पाहणी करणाऱ्यांनी हात ओले करून घेतले आणि सारा न झेपलेल्या कुणब्यांनी जमिनी सोडल्या. मग १८३५ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सोपं केलं: आकार जमिनीच्या प्रतीवर, पिकावर नाही, आणि तीस वर्षं तो वाढवायचा नाही. या तीस वर्षांत तुम्ही विहीर पाडा, ओघळीत दगड रचा, वाढलेलं पीक तुमचं. दगड रचायला एवढं कारण पुरतं.

असं कारण नसतं तेव्हा काय होतं, ते बघायला दोनशे वर्षं मागं या.

१६३० चा पाऊस गेला. पुढचाही गेला. जुन्नर एके काळी मलिक अंबरच्या निजामशाहीची राजधानी होती, शिवनेरीवर त्याच वर्षी शिवाजीराजांचा जन्म झाला, आणि तुम्ही उभे आहात त्या पठारावर नांगर दिसत नाही. माणसं गेली, गुरं मेली, वावरात बाभळी उगवल्या. अशा पडीक जमिनीवर माणूस परत आणायचा तर सत्ता कोणाचीही असो, रीत एकच: कौल द्यायचा. पहिल्या वर्षी नावापुरता सारा, मग दरसाल थोडा चढता, पुऱ्या दरापर्यंत. याला इस्तावा म्हणत. तुम्ही कौल घेऊन आलेले उपरी आहात. इथं पटलं नाही तर पुढच्या गावात दुसरा कौल मिळेल. मग ओघळीत दगड कशाला उचलायचे?

शेजारचा मिरासदार मात्र उचलतोय. त्याची जमीन विकता येते, गहाण टाकता येते, आणि तो परागंदा झाला तरी पुढं कधीतरी परत येऊन मागता येते. ओघळीच्या तोंडाशी तो कोरड्या दगडांची ताल घालतो. चुना नाही, माती नाही. पाणी फटींतून जातं आणि गाळ मागं बसतो. पुढच्या साली भिंतीवर आणखी एक थर. नातवाच्या काळात तिथं ज्वारीचं सपाट वावर असेल. तुम्ही त्याच्याकडं बघत विडा चघळता. आळशी म्हणून नाही. तुमचा हिशेबही बरोबर आहे.

जुन्नरच्या लेण्यांपर्यंत गेलात तर याहून जुना हिशेब दगडातच सापडतो. आदुथुम नावाच्या शक उपासकानं कोणाचिक इथल्या श्रेणीकडं दोन शेतं लावून दिली: वडालिकेतली वीस निवर्तनं करंजाच्या झाडांसाठी, कटपुटकातली नऊ वडाच्या झाडांसाठी. माणूस मरतो, श्रेणी टिकते, एवढं त्या परक्याला समजलं होतं.

आता झपकन पुढं. तीस वर्षांची मुदत संपून जिल्ह्यात नवी आकारणी आली, ती जड. अमेरिकेतल्या यादवीनं चढलेला कापसाचा भाव उतरलेला. आणि जमीन नावावर झाल्यामुळं सावकाराकडं गहाण टाकणं सोपं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांची कर्जखतं जाळली गेली. गहाण पडलेल्या वावराचा बांध कोण घालणार?

१ एप्रिल १९५७. कूळ कायद्यानं आज तुम्ही मालक झालात, निदान कागदावर; पुढं तलाठ्याच्या आणि मामलेदाराच्या फेऱ्या आहेत. गावात पेढे वाटण्यापेक्षा कुजबुज जास्त आहे, कारण काही जमीनमालकांनी आधीच कुळांकडून 'मी स्वखुशीनं जमीन सोडली' असं लिहून घेतलंय.

याच सुमाराला बंडिंगचा साहेब येतो. त्याच्याकडं साखळी नाही, दुर्बीण आहे. तो समपातळीची रेघ मारतो आणि ती वाकडी जाते: तुमच्या वावरातून निघून चुलतभावाच्या मधून, तिसऱ्याच्या कोपऱ्यातून. शास्त्र पक्कं आहे, पाणी असंच चालतं. तुम्ही म्हणता, "साहेब, माझ्या तुकड्याचे दोन तुकडे झाले. औत कसं वळवू?" साहेब नकाशा दाखवतो. तो गेल्यावर त्यातला अर्धा बांध तुम्हीच नांगरून टाकता आणि तेवढी माती हद्दीच्या बांधावर चढवता. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन बायाबापड्यांनी जी मातीची कामं केली, त्यातल्याही बऱ्याच बांधांची हीच गत झाली. मला विचाराल तर या पठारावरची मूळ अडचण अडाणीपणा नाही. मोजणीची रेघ सरळ जाते, पाण्याची वाकडी, आणि सातबाऱ्यावर फक्त पहिली लिहिली जाते.

आणि हे आजचं पेठ. जुलै, बटाट्याची लागवड उरकलेली. पेठ, कुरवंडी, कोल्हारवाडी, थुगाव, भावडी, कारेगाव, पारगाव ही सात गावं पावसावरच्या बटाट्यासाठी नावाजलेली. उन्हाळ्यात याच पठाराला टँकर लागतो. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास हवं, म्हणून सरी उताराच्या अंगानं पडली आहे. मोठी सर आली की सरीसरीतून तांबडं पाणी धावतं. खालच्या बांधाला खिंडार पडतं आणि तुमची माती शेजाऱ्याच्या गटात जाऊन बसते.

शेजारी तुमच्या सख्ख्या चुलत्याचा मुलगा. गेली चार वर्षं तो बांध कोरतोय, असं तुमचं म्हणणं. बांध तुमच्याच पाण्यानं फुटतो, असं त्याचं. म्हणून मोजणीचा अर्ज. भूमी अभिलेखचा भूकरमापक रोव्हर घेऊन आलाय. काठीवरच्या त्या यंत्राला उपग्रहाकडून जागा कळते. तो चुन्यानं खुणा करतो. हद्द जुन्या बांधापासून दीड हात आत निघते, तुमच्या बाजूला.

"म्हणजे बांध माझाच," भाऊ म्हणतो.

"मग फुटला तर बांधायचाही तूच."

तो खिंडाराकडं बघतो. मग तुमच्या सऱ्यांकडं. "पुढल्या साली सरी आडवी पाड. जेसीबीचे पैसे निम्मे-निम्मे. दगड माझ्याकडं पडलेत."

"वळायला जागा लागंल ट्रॅक्टरला."

"माझ्या वावरात वळव की."

भूकरमापक दोघांकडं बघतो आणि पंचनाम्याचा कागद पुढं करतो. त्याला खेडला अजून एक मोजणी आहे.